शंभर बोल्टांचा हिशेब
पुण्यात हव्या त्या मापाचे नट-बोल्ट थोड्या संख्येत बनवून घेण्याचा आढावा

लाखभर बोल्ट हवे असतील तर पुण्यात चिंता नाही, आणि एकच हवा असेल तरी नाही. लाखाच्या ऑर्डरला कारखाने टपून बसलेले असतात. एक बोल्ट लेथवर फिरवून देणारा टर्नर भोसरीपासून नऱ्ह्यापर्यंत कुठल्याही गल्लीत भेटतो. पंचाईत होते ती मधल्या माणसाची. त्याला पन्नास हवे असतात, दोनशे हवे असतात, फार तर हजार. आणि माप असे, की रविवार पेठेतल्या बोहरी आळीत दहा दुकाने पालथी घातली तरी मिळणार नाही.

हा मधला माणूस पुण्यात मोठ्या संख्येने आहे. त्याच्या गरजा काय, त्या भागवायचे मार्ग कोणते, पैसा कुठे जातो आणि फसगत कुठे होते, याचा हा आढावा. सगळे तपासून पाहिल्यावर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. लहान लॉटचा बोल्ट घडवणे ही पुण्यात अडचण उरलेली नाही. घडवल्यानंतरची कामे, म्हणजे हार्डनिंग, प्लेटिंग आणि तपासणी, लहान लॉटच्या बेताने आखलेलीच नाहीत. बोल्ट तुटतो, गंजतो किंवा बसत नाही तेव्हा दोष बहुधा तिथला निघतो, आणि बोल लागतो टर्नरला.

गिऱ्हाईक कोण?

पुण्याच्या उद्योगाची घडणच अशी, की अशी गिऱ्हाइके इथे जमावीत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. खडकीतच १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले आणि त्या दशकात कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स, मुंढव्याला भारत फोर्ज, आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को असे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान उद्योग भोवती वसले. भोसरी एमआयडीसीतले जे, एस, टी ब्लॉक, टेल्को रोडच्या कडेचे गाळे आणि पुढे चाकण ही त्याचीच वाढ.

सुटे भाग बनवणाऱ्याला जिग आणि फिक्श्चर लागतात, एकाच कामासाठी बांधलेली खास यंत्रे लागतात. बोलीभाषेत या खास यंत्रांना एसपीएम म्हणतात. एसपीएम बनवणारा एका वेळी एक यंत्र बांधतो, फार तर चार. त्याला लागणारे टी-बोल्ट, शोल्डर बोल्ट, नर्लिंग केलेले हाताने फिरवायचे स्क्रू, दोन टोकांना वेगवेगळे आटे असलेले स्टड हे दर यंत्रागणिक बदलतात. लहान लॉटचे हे सर्वांत नियमित गिऱ्हाईक.

दुसरे गिऱ्हाईक नमुने बनवणारे. १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय, पाषाण आणि दिघी इथल्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळा आणि त्यांना काम करून देणारे उद्योग, विजेच्या दुचाकी आखणाऱ्या नव्या कंपन्या, 'बाहा' स्पर्धेसाठी गाडी बांधणारी अभियांत्रिकीची मुले. यांचे आरेखन दर पंधरवड्याला बदलते. हजार बोल्ट करून ठेवले तर नऊशे भंगारात जातील, हे त्यांना ठाऊक असते.

तिसरे गिऱ्हाईक जुन्या यंत्रांचे आणि गाड्यांचे मालक. चौथे अवजड वाहनांचे: ट्रकचे पाटे आवळणारे यू-बोल्ट गज वाकवून आणि टोकांना आटे पाडून मापानुसार करून देणे हा जुना, चालू धंदा आहे. यंत्राच्या पायात गाडायचे फाउंडेशन बोल्टही तसेच होतात. हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू हा प्रांत वेगळा. तिथे २०१७चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात आणि गल्लीतल्या लेथचा त्याच्याशी संबंध येऊ नये.

बाजारात नसतो म्हणजे काय?

पुष्कळदा बोल्ट बाजारात असतो, पण मागणाऱ्याला तो नेमका सांगता येत नाही. त्यामुळे पहिली पायरी मापाची.

भारतात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. तरी हार्डवेअरच्या दुकानात 'तीन सुती', 'चार सुती' ही भाषा अजून चालते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच. व्यास सांगायला ही भाषा पुरते, आटे सांगायला पुरत नाही. घोटाळा तिथेच होतो.

जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली ब्रिटनमध्ये आट्यांचे पहिले सर्वमान्य प्रमाण मांडले. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ साली ६० अंशांचा आटा सुचवला. आजचा मेट्रिक आटाही ६० अंशांचा आहे. आता तीन सुती बोल्ट घ्या. व्हिटवर्थ आणि अमेरिकन जाड आटा, दोन्हींत इंचाला १६ आटे. त्यामुळे एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर सहज चढतो, पण कोन जुळत नसल्याने आटे पूर्ण टेकत नाहीत. चार सुतीत मात्र एकात १२ आणि दुसऱ्यात १३ आटे. तिथे दोन फेऱ्यांत नट अडकतो आणि चूक कळते. न अडकणारी चूक अधिक धोक्याची.

जुन्या गाड्यांत हा गुंता आणखी वाढतो. जुन्या बुलेटमध्ये काही ठिकाणी इंचाला २६ आट्यांचा सायकल-आटा येतो. १९४५ नंतरच्या एमजी टीसी गाडीच्या इंजिनात तर आटे मेट्रिक आणि बोल्टचे डोके व्हिटवर्थ पान्याच्या मापाचे. अशा गाडीचा मालक 'मूळचाच बोल्ट हवा' म्हणतो तेव्हा तो करून घेण्याला पर्याय नसतो. काम करणाऱ्याकडे पिच गेज हवा, आणि गिऱ्हाइकाने जुना बोल्ट मोडका का होईना पण सोबत आणायला हवा.

म्हणून ऑर्डर देण्याआधी विचारायचा प्रश्न असा: प्रमाणित बोल्टमध्ये थोडा फेरफार करून भागेल का? बाजारात १२.९ या जास्त ताकदीच्या प्रतीचे ॲलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खड्डा असलेले बोल्ट, किरकोळ मिळतात. लांबी कापणे, डोक्याला तार ओवण्यासाठी भोक पाडणे, मधला दांडा थोडा उतरवणे ही कामे कार्बाइड टूलने लेथवर होतात. मूळ कारखान्यात झालेले हार्डनिंग शाबूत राहते. अट एवढीच, की बोल्ट तापवायचा नाही, त्याला वेल्डिंग करायचे नाही. गॅसकटरने लांबी कापलेला १२.९चा बोल्ट १२.९चा राहत नाही. आटे खराब झालेल्या भोकासाठी जाड बोल्ट करवून घेण्याऐवजी हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसणारा तारेचा आटा, बसवणे बहुधा स्वस्त आणि मजबूत पडते. खास मापाचे वायसर तर लेझर कटिंगवर पत्र्यातून हवे तेवढे निघतात. लहान लॉटमधली ही सर्वांत सोपी वस्तू.

घडवण्याचे मार्ग

बोल्ट बनवण्याचे ढोबळ मार्ग तीन: थंड ठोकून, गरम ठोकून, किंवा गजातून कोरून.

मोठ्या उत्पादनात बोल्ट थंड ठोकला जातो. तारेचे भेंडोळे यंत्रात जाते, तुकडा कापला जातो, डाय आणि पंच यांच्यामध्ये डोके ठोकले जाते आणि दोन डायमध्ये लाटून आटे उमटतात. मिनिटाला शंभराहून अधिक नग पडतात, माल जवळजवळ वाया जात नाही. पण प्रत्येक मापाला वेगळे डाय-पंच लागतात, यंत्र लावायला वेळ जातो आणि तार भेंडोळ्याने घ्यावी लागते. शंभर नगांसाठी कोणी ते यंत्र थांबवणार नाही, आणि त्याने थांबवू नये हेही बरोबर. १९६० साली स्थापन झालेली आणि आपोआप सैल न होणाऱ्या नायलॉक नटांसाठी ओळखली जाणारी सिमंड्स मार्शल कंपनी आधी कासारवाडीत आणि आता चाकणमध्ये आहे. अशा कारखान्यांचे गणितच लाखांचे.

गरम ठोकणे मोठ्या व्यासाच्या बोल्टना सोयीचे. गजाचे टोक तापवून डोके ठोकायचे, मग आटे पाडायचे. इमारतीच्या आणि पुलांच्या कामाला लागणारे जाड, लांब बोल्ट थोड्या संख्येत असे होतात. डोक्याचा आकार ओबडधोबड येतो आणि पृष्ठभागावर खपली धरते, म्हणून यंत्रभागांसाठी ही पद्धत फारशी वापरत नाहीत.

उरतो गजातून कोरण्याचा मार्ग. लहान लॉटचा खरा मार्ग हाच. षटकोनी गज चकमध्ये धरायचा, दांडा उतरवायचा, आटे पाडायचे, डोक्याची किनार मोडायची आणि नग कापून वेगळा करायचा. दहा-वीस नग साध्या लेथवर होतात. शेकड्यांत गेले की ट्रॉब, म्हणजे मूळ जर्मन बनावटीचे स्वयंचलित यंत्र, परवडू लागते. मात्र ट्रॉबला कॅम बनवून बसवावे लागतात. आज बहुतेक ठिकाणी सीएनसीने ही जागा घेतली आहे, कारण माप बदलले तर प्रोग्रॅममधले आकडे बदलायचे. ॲलन बोल्टच्या डोक्यातला षटकोनी खड्डा मात्र आधी भोक पाडून ब्रोचने दाबून काढावा लागतो. तिथे माहीतगार हात लागतो.

कोरण्याची किंमत मालात दिसते. १० मि.मी. व्यासाचा, ६० मि.मी. लांबीचा साधा षटकोनी बोल्ट घ्या. त्याच्या डोक्याचे माप १६ मि.मी., म्हणून गजही १६ मि.मी.चा. कापताना जाणारे दोन-तीन मि.मी. धरून एका बोल्टला सुमारे १२० ग्रॅम पोलाद लागते. तयार बोल्ट भरतो ४८ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे विकत घेतलेल्या पोलादापैकी ६० टक्के कीस होऊन भंगारात जाते. लाख बोल्टना हा तोटा सोसवणार नाही. शंभराला तो बारा किलो गजात मिटतो, आणि डाय-पंचच्या खर्चापुढे काहीच नाही.

आटे पाडण्यातही निवड आहे. टूलने किंवा डायने कापलेल्या आट्यात पोलादाचे तंतू तुटतात. लाटलेल्या आट्यात ते आकाराबरोबर वळतात आणि पृष्ठभाग दबून घट्ट होतो. सतत हादरे सोसणाऱ्या बोल्टला लाटलेला आटा कितीतरी जास्त टिकतो. थ्रेड रोलिंगची लहान यंत्रे पुण्यात जॉबवर्कवर उपलब्ध असतात. मात्र हे आधी ठरवावे लागते, कारण लाटण्यासाठी दांडा कमी व्यासाचा ठेवावा लागतो. एम१०च्या बोल्टला तो ९ मि.मी.च्या जवळ येतो. कापायचा असेल तर जवळपास पूर्ण १०. दांडा उतरवून झाल्यावर कोणी 'रोलिंग करा' म्हणाले तर सगळा लॉट पुन्हा करावा लागतो.

बोल्ट तयार, काम अर्धे

इथून पुढे गाडी अडते. बोल्टची ताकद आकारात नसते, पोलादात आणि त्यावर झालेल्या उष्णता प्रक्रियेत असते. डोक्यावरचा ८.८ हा आकडा सांगतो, की तुटण्याची ताकद किमान ८०० मेगापास्कल आहे आणि त्याच्या ८० टक्के ताणापर्यंत तो कायमचा लांबत नाही. या प्रतीचा एम१० बोल्ट किमान ४६ किलोन्यूटन, म्हणजे साधारण पावणेपाच टन ओढ सहन करतो. आता 'चांगल्या मालातला करा' एवढेच सांगितले तर टर्नर ईएन८ या जातीच्या पोलादाचा गज घेतो. नुसत्या ईएन८चा, हार्डनिंग न केलेला बोल्ट दिसायला तसाच असतो, पण ८.८च्या जवळ पोहोचत नाही. बाहेरून हा फरक ओळखता येत नाही.

मग 'हार्डनिंग करून द्या' म्हणायचे. वर धरलेल्या मापाच्या शंभर बोल्टांचे वजन पाच किलोसुद्धा भरत नाही. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत एका वेळी शेकडो किलो माल जातो आणि दर किलोवर असतो. पाच किलोचे बिल कोण लिहिणार? त्यामुळे किमान आकार लावला जातो, किंवा आपले बोल्ट दुसऱ्याच्या मालाबरोबर टाकले जातात. दुसऱ्याचा माल ईएन१९चा जाड शाफ्ट असेल तर तापमान, वेळ, तेलात बुडवणे सगळे त्याच्या हिशेबाने होते. ८.८ प्रतीसाठी टेम्परिंग किमान ४२५ अंश सेल्सिअसला व्हावे असे प्रमाणक सांगतो. मिसळलेल्या मालात ते झाले का, हे विचारायची सोय उरत नाही.

यावर जाणकारांची तोड जुनी आहे: आधीच हार्डनिंग-टेम्परिंग केलेला ईएन१९टी गज घ्यायचा. त्याची ताकद ८५० ते १००० मेगापास्कलमध्ये असते आणि तो सीएनसीवर व्यवस्थित कोरला जातो. ८.८च्या दर्जाला भट्टीची पायरीच गळते. टूल लवकर झिजते, वेळ जास्त लागतो, गज महाग पडतो. तरी शंभर नगांना हा मार्ग सर्वांत खात्रीचा. १०.९ किंवा १२.९ हवे असेल तर मात्र भट्टी टळत नाही, आणि तेव्हा बाजारातल्या तयार बोल्टमध्ये फेरफार करण्याकडे परत वळणे शहाणपणाचे.

स्टेनलेसमध्ये फसगत वेगळी. बाजारात ए२-७० छापाचा बोल्ट मिळतो. त्यातले ७०० मेगापास्कल थंड ठोकण्यातून येतात. तोच बोल्ट ३०४च्या मऊ गजातून कोरला तर ५०० मेगापास्कलच्या प्रतीचा ठरतो. रसायन एकच, ताकद वेगळी. शिवाय ३०४ म्हणून स्वस्त २०२ गळ्यात मारण्याचे प्रकार होतात. लोहचुंबक लावून हे कळत नाही. स्पेक्ट्रोमीटरवर रसायन तपासावे लागते.

पुढची पायरी प्लेटिंगची. झिंक प्लेटिंग बॅरलमध्ये, किलोच्या दराने होते. तिथेही पाच किलोची तीच गत. आणि प्लेटिंगचा थर आट्यात जागा खातो. ६० अंशांच्या आट्यावर थर जितका चढतो, त्याच्या चौपट आट्याचा परिणामकारक व्यास वाढतो. एम१०च्या ६जी प्रतीच्या आट्यात यासाठी ठेवलेली सूट ३२ मायक्रॉन असते. म्हणजे ८ मायक्रॉनचा थर नेमका सामावतो. 'जरा जाड प्लेटिंग करा, गंजू नये' असे सांगून १२ मायक्रॉन चढवले की नट अडतो. मग टर्नर म्हणतो गेज बसत होता, प्लेटर म्हणतो थर बरोबर आहे, आणि दोघेही खरे बोलत असतात. जाड थर हवा तर आट्यांचा व्यास आधीच थोडा कमी ठेवायला हवा, आणि ते चित्रावर, म्हणजे ड्रॉइंगवर, लिहायला हवे.

सर्वांत गंभीर धोका जास्त कडक बोल्टचा. आम्लात धुताना आणि प्लेटिंग करताना पोलादात हायड्रोजन शिरतो. मऊ पोलादाला त्याचे काही वाटत नाही. १०.९च्या वरच्या, विशेषतः १२.९च्या बोल्टला तो ठिसूळ करतो. बोल्ट आवळताना तुटत नाही. काही तासांनी किंवा दिवसांनी, कोणी हात लावलेला नसताना, डोके उडते. उपाय म्हणजे प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत माल सुमारे २०० अंशांवर कित्येक तास भाजणे, नाहीतर झिंक फ्लेकसारखा विद्युतरहित लेप वापरणे. शंभर बोल्टसाठी ओव्हन रात्रभर चालू ठेवणारा प्लेटर शोधावा लागतो. म्हणून १२.९च्या ॲलन बोल्टला साधे ब्लॅकनिंग आणि तेल हीच रीत बरी.

खात्री कशी पटवायची?

मोठा कारखाना प्रत्येक लॉटमधले काही बोल्ट ओढून तोडून पाहतो. शंभराच्या लॉटमधले पाच तोडले तर गिऱ्हाइकाला वाटते आपले पैसे तुटले. पण पाच जास्त बनवायला सीएनसीला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. १०५ बनवून घ्यायचे आणि पाच तपासणीला द्यायचे, हा हिशेब ऑर्डरमध्येच लिहिला तर वाद राहत नाही. कडकपणाची चाचणी तर बोल्ट न तोडता होते.

पुण्यात एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळा आहेत, चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये सामायिक चाचणी सुविधा आहेत. उणीव आहे ती कागदाच्या साखळीची. गजाचे मिल टेस्ट सर्टिफिकेट दुकानदाराकडे असते. गज तुकड्यांत विकला की ते सोबत जात नाही. टर्नरकडे उरलेल्या तुकड्यांचा ढीग असतो, त्यात ईएन८ आणि ईएन१९ शेजारी शेजारी पडलेले. टोकाला रंग लावून ठेवणारा टर्नर भेटला तर त्याला सोडू नये. आट्यांसाठी गो आणि नो-गो रिंग गेज हवेत. विचित्र आट्याचे गेज महाग पडतात, आणि ते कोणी घ्यायचे हा घासाघीस करण्याचा खरा मुद्दा आहे.

पैसा कुठे जातो?

समजा, सीएनसी लावायला दोन तास लागतात आणि मग दर नगाला दोन मिनिटे. दहा नग केले तर दर नगामागे यंत्राची १४ मिनिटे मोजावी लागतात. शंभर केले तर ३.२ मिनिटे. हजार केले तर २.१२. दहावरून शंभरावर जाताना खर्च चौथाईच्याही खाली येतो. शंभरावरून हजारावर जाताना जेमतेम एक तृतीयांश उतरतो. म्हणजे कोरीव कामाच्या बाबतीत शंभर हा वाईट आकडा नाही. 'पाचशे घ्या, स्वस्त पडतील' हा आग्रह यंत्राच्या वेळेतून कमी आणि पुढच्या किमान आकारांतून जास्त येतो. पाच किलोला आणि पंचवीस किलोला भट्टीचा आकार सारखाच असेल तर पाचशे घेणे स्वस्त पडणारच. ऑर्डर देणाऱ्याने दर एकगठ्ठा न मागता माल, कोरीव काम, हार्डनिंग, प्लेटिंग, तपासणी असा तोडून मागितला, की हे आपोआप दिसते.

गाळेवाल्याची बाजूही ऐकायला हवी. त्याचे सीएनसी मोठ्या कंपनीच्या नियमित भागांवर कर्जाचा हप्ता फेडत असते. लहान लॉट तो मधल्या मोकळ्या वेळात घेतो, किंवा एमआयडीसीच्या गुरुवारच्या सुट्टीला यंत्र चालू ठेवून काढतो. उधारी हे त्याचे मोठे दुखणे. २००६च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. २०२४ पासून मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, म्हणून या नियमाला थोडी धार आली. तरी रोख देणाऱ्याचा शंभराचा लॉट उधारीवाल्याच्या हजाराच्या आधी निघतो, हा बाजाराचा साधा न्याय आहे.

जागेचा प्रश्नही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली अनधिकृत बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली. भंगाराच्या गोदामांबरोबर लहान उद्योगांचे गाळेही गेले. नियमाची बाजू महापालिकेची असेल. पण लहान काम घेणारा गाळा कमी भाड्याच्या जागेतच तग धरतो, हेही खरे.

इतर गावे आणि सरकारी नियम

पुणे नट-बोल्टचे गाव नाही. वजनावर विकला जाणारा साधा बोल्ट लुधियाना आणि रोहतकहून येतो, पितळी स्क्रू आणि फिटिंग जामनगरहून. तिथले उत्पादन स्वस्त, कारण तार, डाय, भट्टी आणि प्लेटिंग एकाच वस्तीत आहेत. पुण्याची ताकद निराळी: मापाची समज, सीएनसी आणि चित्र वाचणारी माणसे. औंधच्या आयटीआयमधून टर्नर आणि फिटर बाहेर पडतात आणि मोठ्या कारखान्यांत शिकून पुढे स्वतःचा गाळा टाकतात.

जपानमध्ये ओसाकाला लागून असलेल्या हिगाशी-ओसाकात लहान धातुउद्योगांची अशीच दाट वस्ती आहे. न सैलावणारा नट बनवणारी हार्डलॉक ही कंपनी तिथलीच. तिचे नट शिंकान्सेन रेल्वेत वापरले जातात. एखाद्या छोट्या उद्योगाने एकच अडचण धरून ठेवली तर तो कुठवर जाऊ शकतो, याचा हा दाखला.

आपल्याकडे नियमांचे वारे मात्र लहान उद्योगाच्या उलट दिशेने वाहत आहे. केंद्र सरकारने २०२३ साली नट-बोल्ट आणि फास्टनरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. त्यात नमूद केलेल्या मालावर भारतीय मानक चिन्ह बंधनकारक करण्याचा हेतू होता. लहान आणि सूक्ष्म उद्योगांना जादा मुदत देण्यात आली आणि अंमलबजावणीची तारीखही पुढे सरकली. निकृष्ट आयात रोखायला असा आदेश उपयोगी पडेल. पण मानकाची घडी ठरलेल्या मापांच्या, सतत होणाऱ्या उत्पादनासाठी बसवलेली असते. वर्षात चाळीस निरनिराळी मापे प्रत्येकी शंभर नग करणाऱ्याला परवाना, प्रयोगशाळा आणि नोंदी हा बोजा पेलणार नाही. प्रमाणित बोल्ट आणि चित्रानुसार केलेला यंत्रभाग यांतली रेघ नियमांत स्पष्ट असणे लहान लॉटवाल्यांसाठी कळीचे आहे.

मग करावे काय?

खरेदीदाराने चित्रावर सहा गोष्टी लिहाव्यात: आट्याचे पूर्ण माप आणि प्रत, आटे लाटलेले की कापलेले, पोलादाची जात आणि अवस्था, हवी असलेली ताकद किंवा कडकपणा, लेप आणि त्याची जाडी, आणि किती नग तपासणीला. यांतली एखादी ओळ कोरी राहिली की तिथे दुसरा कोणीतरी त्याच्या सोयीने निर्णय घेतो. बोल्ट तुटला तर जिवावर बेतेल अशा जागी, म्हणजे स्टिअरिंग, ब्रेक, उचलण्याची साखळी, प्रेसचा टायरॉड अशा ठिकाणी, कागदपत्राशिवाय केलेला बोल्ट वापरू नये, मग टर्नर कितीही ओळखीचा असो.

गाळेवाल्याने गजाच्या टोकाला रंग लावणे आणि सर्टिफिकेटची प्रत फाइलला ठेवणे एवढे केले, तरी तो शेजाऱ्यापेक्षा जास्त दर मागू शकतो. त्याला खर्च जवळजवळ नाही.

उरलेली जबाबदारी एकट्यादुकट्याच्या आवाक्यातली नाही. पाच-दहा किलोचा लॉट स्वतंत्रपणे तापवणारी, तापमानाचा आलेख काढून देणारी लहान भट्टी, त्याच मापाची प्लेटिंगची सोय आणि भाजण्याचा ओव्हन एका छताखाली, तासाच्या भाड्याने मिळायला हवेत. १९३४ पासून काम करणारा मराठा चेंबर, लघुउद्योगांच्या संघटना आणि ऑटो क्लस्टरसारखी संस्था यांना हे काम शोभेल. भोसरीत आणखी एक सीएनसी आली तर स्पर्धा वाढेल आणि दर थोडा उतरेल. पाच किलोची भट्टी आली तर आज पुण्याबाहेर जाणारी, किंवा अंदाजाने उरकली जाणारी कामे इथे नीट होऊ लागतील.